हॉपकिन्सन बारवर टेस्ट करायचीये? मग सेटअपपासून डेटापर्यंत सगळं इथे

कॉलेजात यूटीएमवर (युनिव्हर्सल टेस्टिंग मशीन) कॉम्प्रेशन टेस्ट सगळ्यांनीच केलेली असते. सॅम्पल दोन प्लेटांमध्ये धरायचं, मशीन हळूहळू दाबत जातं, चहा पिऊन येईपर्यंत ग्राफ तयार. त्या टेस्टमध्ये स्ट्रेन रेट, म्हणजे सॅम्पल दर सेकंदाला मूळ लांबीच्या किती भागाने दबतं ते, असतो साधारण ०.००१ प्रति सेकंद. पण गाडी भिंतीवर आदळते, गोळी चिलखतात घुसते किंवा टर्बाइनच्या ब्लेडवर पक्षी आपटतो तेव्हा तोच धातू शेकडो ते हजारो प्रति सेकंद या रेटने दबत असतो आणि तेव्हा तो वेगळा वागतो. माइल्ड स्टीलचं यील्ड (ज्या स्ट्रेसला धातू कायमचा दबायला लागतो तो आकडा) १००० प्रति सेकंदाला स्लो टेस्टच्या जवळपास दुप्पट होऊ शकतं, उलट ६०६१-टी६ अॅल्युमिनियमला त्या रेटपर्यंत फारसा फरक पडत नाही. कोणता धातू कसा वागेल हे अंदाजाने सांगता येत नाही, टेस्टच करावी लागते, आणि ती करायचा सेटअप म्हणजे हॉपकिन्सन बार: दोन लांब रॉडच्या मधे सॅम्पल धरायचं आणि एका टोकाला मारायचं. पुण्या-चाकणकडे क्रॅश सिम्युलेशन करणाऱ्यांना तर हा डेटा रोज लागतो, आणि बरेचदा तो कुठल्यातरी जुन्या पेपरातून उचललेला असतो, त्यात मटेरियलचं हीट ट्रीटमेंटसुद्धा जुळत नसतं.

आधी एक गोष्ट ठरवा, तुम्हाला नेमका कोणता रेट हवाय? १०० प्रति सेकंदाच्या खाली काम असेल तर हाय-स्पीड सर्व्हो-हायड्रॉलिक मशीन किंवा ड्रॉप टॉवर बघा, हॉपकिन्सन बारच्या मागे लागू नका. १०० ते १०,००० प्रति सेकंद ही बारची हद्द. त्याच्याही वर, लाखाच्या पुढे गेलात की प्लेट इम्पॅक्ट, ते गॅस गनचं वेगळंच प्रकरण आहे आणि तिथे सॅम्पलमधली शॉक वेव्ह हाच अभ्यासाचा विषय असतो.

बार म्हणजे नक्की काय चालतं

१९१४ मध्ये बर्ट्राम हॉपकिन्सन यांनी स्फोटाचा आणि गोळीच्या धडकेचा दाब मोजायला एक लांब स्टीलचा रॉड वापरला. १९४९ मध्ये हर्बर्ट कोल्स्की यांनी त्या रॉडचे दोन तुकडे केले आणि मधे सॅम्पल ठेवलं, म्हणून याला स्प्लिट हॉपकिन्सन बार किंवा कोल्स्की बार म्हणतात. त्यांनी पॉलिथीन, रबर, तांबं, शिसं अशा गोष्टी तपासल्या होत्या. आजचा सेटअप मुळात तोच, फक्त मोजायची साधनं बदलली.

एअर गनमधून छोटा स्ट्रायकर सुटतो, इन्सिडंट बारच्या टोकावर आपटतो. मालगाडीला मागून इंजिनाने धक्का दिला की तो धक्का एकेका डब्यातून पुढे सरकत जातो, तशीच कॉम्प्रेशनची लाट बारमधून सॅम्पलकडे जाते. सॅम्पलपाशी तिचा काही भाग परत फिरतो, उरलेला सॅम्पलमधून पलीकडच्या ट्रान्समिशन बारमध्ये जातो. दोन्ही बारवर स्ट्रेन गेज (बार दबला-ताणला की रेझिस्टन्स बदलणाऱ्या बारीक पट्ट्या) चिकटवलेले असतात, ते तीन लाटा पकडतात: आलेली, परतलेली आणि पार गेलेली. परतलेल्या लाटेवरून सॅम्पलचा स्ट्रेन रेट निघतो, पार गेलेल्या लाटेवरून स्ट्रेस. सॅम्पलला हातही न लावता, सगळं बारवरूनच.

यातलं सगळ्यात धोक्याचं म्हणजे हे गणित तुम्हाला नेहमीच एक छान स्ट्रेस-स्ट्रेन कर्व्ह देतं. सॅम्पल तिरकं बसलेलं असो, गेज सुटत आलेला असो, सॅम्पलच्या दोन बाजूंवर वेगवेगळा फोर्स असो, कॉम्प्युटर मुकाट्याने कर्व्ह काढून देणार. त्यामुळे खाली मी टेस्टपेक्षा टेस्टच्या तपासण्यांवर जास्त लिहिलंय, ते मुद्दाम.

बार आणि स्ट्रायकर

धातूंसाठी मॅरेजिंग स्टीलचे बार सगळ्यात बरे. उच्च ग्रेडचं यील्ड १.९ गिगापास्कलच्या आसपास असतं, म्हणजे जोरात मारलं तरी बार स्वतः इलॅस्टिकच राहतो, आणि सगळं गणित त्यावरच उभं आहे. व्यास २० मिमी, लांबी १.५ मीटर हे सुरुवातीला सोयीचं माप. स्ट्रायकर त्याच मटेरियलचा, त्याच व्यासाचा, ३०० मिमी लांब धरू.

आता आकडे बघा, हे हाताने करून ठेवलेले बरे कारण पुढे प्रत्येक शॉटला कामाला येतात. स्टीलमध्ये लाटेचा वेग म्हणजे ई (यंग्ज मॉड्युलस, म्हणजे मटेरियलचा ताठपणा) भागिले घनता, त्याचं वर्गमूळ. २०० गिगापास्कल आणि ७८५० किलो प्रति घनमीटर घेतले तर साधारण ५०५० मीटर प्रति सेकंद येतो. मॅरेजिंगचा थोडा कमी येईल, आपल्या बारचा वेग आपणच मोजायचा, ते पुढे येतंच. पल्सची, म्हणजे बारमधून जाणाऱ्या त्या लाटेची, वेळेतली लांबी म्हणजे स्ट्रायकरच्या लांबीची दुप्पट भागिले वेग: ३०० मिमीला १२० मायक्रोसेकंद. बस, एवढ्यात सगळी टेस्ट संपते. आणि पल्सची उंची, म्हणजे बारमधला स्ट्रेन, हा स्ट्रायकरचा वेग भागिले लाटेच्या वेगाची दुप्पट. १० मीटर प्रति सेकंदाने मारलं तर ९९० मायक्रोस्ट्रेन (लांबीचे दहा लाखांश भाग), म्हणजे साधारण २०० मेगापास्कल. ३० ने मारलं तर ६०० च्या आसपास, मॅरेजिंगला तेही काही नाही.

बारचा बेड सरळ हवा हे सगळेच सांगतात, पण नुसता सरळ असून भागत नाही, बार बुशमधून (आधाराच्या कड्यांमधून) एका बोटाने ढकलला तरी सरकला पाहिजे. कुठे अडकत असेल तर तो बुश सैल करून परत अलाइन करा, जोर लावून स्क्रू आवळत बसू नका. स्ट्रायकर आणि इन्सिडंट बारचे तोंड एकमेकांवर टेकवून मागून टॉर्च मारा, फटीतून उजेड एका बाजूने दिसला तर अलाइनमेंट गेलेली आहे.

गेज आणि इलेक्ट्रॉनिक्स

प्रत्येक बारच्या बरोबर मध्यावर दोन गेज, एकमेकांच्या समोरासमोर. दोन का, तर बार थोडा वाकतोच, आणि एका बाजूला जेवढं ताणलं जातं तेवढंच समोर दाबलं जातं, त्यामुळे दोघांना व्हीटस्टोन ब्रिजच्या (रेझिस्टन्समधला बारीक बदल मोजणारं चार भुजांचं सर्किट) समोरासमोरच्या भुजांवर जोडलं की वाकणं आपोआप कटतं. शेजारशेजारच्या भुजांवर जोडलंत तर नेमकं उलट होईल, वाकणं मोजाल आणि लाट गायब! गेजची लांबी १ ते ३ मिमी, चिकटवण्याआधी पृष्ठभाग बारीक पॉलिश पेपरने घासून अॅसिटोनने पुसायचा, सायनोअॅक्रिलेट लावून मिनिटभर अंगठ्याने दाबून धरायचा. वायरला ताण येऊ नये म्हणून गेजजवळ टर्मिनल पॅड लावा आणि पुढची वायर बारला टेपने धरून ठेवा, नाहीतर प्रत्येक शॉटला सोल्डर निघणार.

मध्यावरच का? गेजपासून सॅम्पल ७५० मिमी, म्हणजे लाट जाऊन परत यायला सुमारे २९७ मायक्रोसेकंद, पल्स १२० चा, त्यामुळे येणारी आणि परतणारी लाट एकमेकांवर चढत नाहीत. लांब स्ट्रायकर वापरायचा मोह झाला की हाच हिशोब परत करा.

सिग्नल किती येतो? ब्रिजला ५ व्होल्ट, गेज फॅक्टर (रेझिस्टन्स स्ट्रेनच्या किती पट बदलतो ते) २.१, ९९० मायक्रोस्ट्रेन, तर ५ मिलिव्होल्टच्या आसपास. म्हणून अॅम्प्लिफायर लागतोच आणि त्याची बँडविड्थ बघून घ्या, यूटीएमवर वापरतात तो स्लो डेटा लॉगर इथे कामाचा नाही. काहीशे किलोहर्ट्झ तरी हवीच, १ मेगाहर्ट्झ असेल तर उत्तम. स्कोपवर सेकंदाला निदान १० लाख सॅम्पल, आणि जमलं तर ८ बिटऐवजी १२ बिटचा, कारण ट्रान्समिशन बारवरचा सिग्नल छोटा असतो आणि ८ बिटवर तो पायऱ्यांसारखा दिसतो. ट्रिगर इन्सिडंट गेजवरच लावा, थोडा प्री-ट्रिगर ठेवून, म्हणजे झिरोची रेषा पण रेकॉर्ड होते.

सॅम्पलशिवायचे शॉट

हा भाग लोक गाळतात. गाळू नका.

पहिला शॉट फक्त इन्सिडंट बारवर, पुढचं टोक मोकळं. लाट दोन्ही टोकांमध्ये ये-जा करत राहील आणि गेजवर पुन्हा पुन्हा दिसेल. १.५ मीटरच्या बारला एक पूर्ण फेरी ३ मीटरची, ५०५० च्या वेगाने ५९४ मायक्रोसेकंद. चार-पाच फेऱ्यांचा वेळ मोजून सरासरी काढा, हा तुमच्या बारचा खरा वेग. पुस्तकातला वेग वापरू नका.

दुसरा, त्याच शॉटमध्ये स्ट्रायकरचा वेग बॅरलच्या तोंडाशी दोन लाइट गेटने मोजा आणि त्यावरून स्ट्रेन किती यायला हवा ते काढून गेजच्या आकड्याशी ताडून बघा. गेट ५० मिमी अंतरावर असतील तर १० मीटर प्रति सेकंदाला ५ मिलिसेकंद येतात. फरक दोन-तीन टक्क्यांत असेल तर ठीक. जास्त असेल तर गेज फॅक्टर, वायरचा रेझिस्टन्स, अॅम्प्लिफायरचा गेन, या क्रमाने शोधा. हे करताना पल्स शेपर (पुढे येणारी तांब्याची चकती) लावलेला नको, त्याने हिशोब बदलतो.

तिसरा शॉट दोन्ही बार एकमेकांना टेकवून, मधे ग्रीसचा पातळ थर. आलेली लाट जशीच्या तशी पलीकडे जायला हवी आणि परतणारी जवळपास शून्य. परतणाऱ्या लाटेच्या जागी मोठा उंचवटा दिसला तर तोंडं नीट बसत नाहीयेत. पार गेलेली लाट आलेल्यापेक्षा सतत कमी येत असेल तर एका ब्रिजचं कॅलिब्रेशन चुकलंय. हे तिन्ही जमेपर्यंत सॅम्पल बाहेर काढूच नका, सॅम्पल बनवायला पैसे लागतात.

सॅम्पल

धातूसाठी लांबी-व्यास गुणोत्तर ०.५ ते १ च्या मधे. फार लांब घेतलं तर आतला फोर्स सारखा व्हायला वेळ लागतो, फार चपटं घेतलं तर तोंडावरच्या घर्षणाने स्ट्रेस खोटा वाढतो. २० मिमीच्या बारला १० मिमी व्यास, ५ मिमी लांबी हे चांगलं माप, दबल्यावर सॅम्पल फुगतं तेव्हा ते बारच्या बाहेर जायला नको. दोन्ही तोंडं समांतर, ०.०१ मिमीच्या आत. वायरकट करून आणलंत तर तोंडावर जळलेला थर असतो, तो लॅप करून (बारीक घासून) काढा. रोल केलेल्या प्लेटमधून कापताय तर दिशा लिहून ठेवा, नंतर कोणालाच आठवत नाही. आणि प्रत्येक सॅम्पल मायक्रोमीटरने मोजा, वर्कशॉपच्या ड्रॉइंगवरचं माप गृहीत धरू नका.

तोंडाला मॉलिब्डेनम डायसल्फाइडचं ग्रीस, अगदी पातळ. जाड थर लावला तर आधी ग्रीस दबतं आणि कर्व्हच्या सुरुवातीला एक खोटी सपाटी दिसते. सॅम्पल बारच्या केंद्रावर बसवायला एक छोटा प्लास्टिकचा व्ही-ब्लॉक करून घ्या, डोळ्याने अंदाजे बसवणं मला कधीच पटलं नाही.

एका शॉटचं गणित

वरच्याच सेटअपवर ६०६१-टी६ चं सॅम्पल, स्ट्रायकर १० मीटर प्रति सेकंद. आलेली लाट ९९० मायक्रोस्ट्रेन. समजा पार गेलेली ४६० आली. बार आणि सॅम्पलच्या क्षेत्रफळाचं गुणोत्तर ४, तर स्ट्रेस म्हणजे २०० गिगापास्कल गुणिले ४६० मायक्रोस्ट्रेन गुणिले ४, म्हणजे ३६८ मेगापास्कल, हा इंजिनिअरिंग स्ट्रेस. परतलेली लाट साधारण ९९० वजा ४६०, म्हणजे ५३०. स्ट्रेन रेट म्हणजे लाटेच्या वेगाची दुप्पट गुणिले परतलेला स्ट्रेन भागिले सॅम्पलची लांबी: १०७० प्रति सेकंद. १२० मायक्रोसेकंद हाच रेट राहिला तर एकूण स्ट्रेन १३ टक्के. कॉम्प्रेशनमध्ये ट्रू स्ट्रेससाठी इंजिनिअरिंग स्ट्रेसला एक वजा स्ट्रेनने गुणायचं, म्हणजे शेवटी ३२० च्या आसपास. याच मिश्रधातूचं स्लो टेस्टमधलं यील्ड २७६ च्या जवळपास असतं, म्हणजे आकडा जागेवर आहे.

हे आधी कागदावर करण्याचा फायदा म्हणजे रेट आणि स्ट्रेन कसे बांधलेले आहेत ते कळतं. जास्त रेट हवा तर जोरात मारा किंवा सॅम्पल छोटं करा. तोच रेट ठेवून जास्त स्ट्रेन हवा तर लांब स्ट्रायकर. जोरात मारलं तर रेट आणि स्ट्रेन दोन्ही वाढतात, एकटा कुठलाच वाढत नाही.

पल्स शेपर

नुसतं धातूवर धातू आपटलं की लाटेच्या माथ्यावर झिगझॅग येतं. बारमध्ये वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सी वेगवेगळ्या वेगाने जातात म्हणून ते होतं, पोखहामर आणि क्री यांनी १९ व्या शतकातच याचं गणित मांडलं होतं. ते सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्त करता येतं, पण मी म्हणेन आधी पल्स शेपर लावा. इन्सिडंट बारच्या मार खाणाऱ्या टोकावर अॅनील केलेल्या तांब्याची ५-६ मिमी व्यासाची, १ मिमी जाडीची चकती ग्रीसने चिकटवायची, प्रत्येक शॉटला नवी. लाट हळू चढते, झिगझॅग जातं, आणि सॅम्पलला दोन्ही बाजूंचा फोर्स सारखा करायला वेळ मिळतो. चकतीचं माप ट्रायल घेऊनच ठरतं, वेग बदलला की तेही बदलतं.

सिरॅमिक किंवा दगडाला शेपरशिवाय टेस्टच करू नये. ते १ टक्का स्ट्रेनच्या आसपासच फुटतात, आणि चौकोनी पल्सने मारलं तर आतला फोर्स सारखा होण्याआधीच तुकडे झालेले असतात. तिथे लाट हवी तिरपी, हळूहळू चढत जाणारी. शिवाय सिरॅमिक स्टीलच्या बारात खड्डा पाडतं म्हणून मधे टंगस्टन कार्बाइडच्या चकत्या ठेवतात. काँक्रीटला तर मोठ्या खडीमुळे ७५-१०० मिमी व्यासाचे बार लागतात, आणि तिथे रेटबरोबर जी ताकद वाढलेली दिसते त्यातला काही भाग नुसता इनर्शियाचा असतो, बाहेर फुगायला वेळ न मिळाल्याने आतला भाग आवळला जातो. तो आकडा थेट डिझाइनमध्ये घालणं धोक्याचं.

दोन बाजूंचा फोर्स

हीच मुख्य तपासणी. सॅम्पलच्या पुढच्या तोंडावरचा फोर्स आलेल्या आणि परतलेल्या लाटेच्या बेरजेवरून, चिन्हांसकट. मागच्या तोंडावरचा पार गेलेल्या लाटेवरून. दोन्ही एकाच ग्राफवर काढा. पहिले काही मायक्रोसेकंद सोडून दोन्ही रेषा एकमेकांवर बसायला हव्यात. अॅल्युमिनियमच्या ५ मिमी सॅम्पलमधून लाट एकदा जायला १ मायक्रोसेकंद लागतो, तीन-चार फेऱ्यांत मामला जुळतो, त्यामुळे धातूत हे सहसा जमतं. रबरात लाटेचा वेग सेकंदाला शंभर मीटरच्या घरात किंवा त्याहून कमी, मग एका फेरीलाच ५० मायक्रोसेकंद, म्हणजे अर्धा पल्स गेला. तिथे सॅम्पल १.५-२ मिमीपर्यंत पातळ करायचं, बार अॅल्युमिनियमचे किंवा पोकळ घ्यायचे, आणि ट्रान्समिशन बारवर सेमीकंडक्टर गेज, कारण सिग्नल अगदीच बारीक असतो.

पुढचा फोर्स नेहमी खडबडीत दिसणार. तो दोन मोठ्या आकड्यांच्या वजाबाकीतून येतो, वरच्या उदाहरणात ९९० वजा ५३०, त्यामुळे एका लाटेत २ टक्के चूक असली तर फोर्समध्ये ४ टक्क्यांपेक्षा जास्त दिसते. लाटा सरकवताना सुद्धा जपा: गेजपासून सॅम्पलपर्यंतचा वेळ १४८.५ मायक्रोसेकंद, आलेली लाट तेवढी पुढे, परतलेली आणि पार गेलेली तेवढी मागे. यात दोन-तीन मायक्रोसेकंद इकडे-तिकडे झाले की सुरुवातीला भलताच शिखर तयार होतो आणि लोक त्याला अप्पर यील्ड पॉइंट म्हणून पेपरात छापतात.

आणि या कर्व्हवरून यंग्ज मॉड्युलस काढू नका. सुरुवातीच्या इलॅस्टिक भागात दोन बाजूंचा फोर्स अजून जुळलेलाच नसतो, त्यामुळे तो उतार बहुतेक वेळा चुकीचा असतो. दोन-तीन टक्के स्ट्रेननंतरचा भाग वापरा.

सुरक्षितता

गन भरल्यावर कोणीही बारच्या रेषेत उभं राहायचं नाही, मागच्या टोकालाही नाही. ट्रान्समिशन बारच्या मागे मोमेंटम ट्रॅप (बारचा उरलेला धक्का घेणारा तुकडा) आणि भक्कम स्टॉपर हवाच. सॅम्पलभोवती पॉलिकार्बोनेटची पेटी, डोळ्यांना चष्मा, कानाला मफ. प्रेशर सोडल्याशिवाय बॅरलजवळ हात नेऊ नका आणि फायरचं बटण ज्याच्या हातात आहे त्यानेच मोठ्याने सांगून मगच दाबायचं.

डेटा पुढे देताना

एका रेटला निदान तीन चांगले शॉट. त्याच बॅचच्या मटेरियलवर यूटीएमची स्लो टेस्ट पण करा, शक्यतो त्याच मापाच्या सॅम्पलवर. जॉन्सन-कुक मॉडेल (स्ट्रेन, रेट आणि तापमानावरून धातूचा स्ट्रेस सांगणारं सूत्र) बसवायचं असेल, जे १९८३ पासून सगळीकडे चालतं, तर तोच स्ट्रेन धरून फास्ट आणि स्लो स्ट्रेसचं गुणोत्तर रेटच्या लॉगसमोर काढा, उतार म्हणजे सूत्रातला सी, रेटचा परिणाम दाखवणारा. फास्ट टेस्टमध्ये उष्णता बाहेर जायला वेळ मिळत नाही हे धरा. प्लास्टिक कामाच्या (धातू कायमचा दाबायला लागलेल्या ऊर्जेच्या) साधारण ९० टक्के भागाची उष्णता होते असं मानलं तर वरच्या अॅल्युमिनियमच्या शॉटमध्ये सॅम्पल १५ अंशांनी तापलं. तिथे हे दुर्लक्षून चालेल, पण मजबूत स्टीलमध्ये २५-३० टक्के स्ट्रेनला ५० अंशांच्या वर जातं आणि मग कर्व्ह खाली वाकतो तो उष्णतेने मटेरियल मऊ होण्याचा भाग असतो, रेटचा नाही.

सिम्युलेशनवाल्याला देताना रेफरन्स रेट कुठला घेतलाय आणि कुठल्या युनिटमध्ये, ते लिहून द्या. मॉडेल मिलिसेकंदात असेल तर १ प्रति सेकंद म्हणजे तिथे ०.००१, आणि तिथे कोणी १ तसाच टाकला तर मटेरियल कार्ड चालतं, रन पूर्ण होतो, एरर येत नाही, फक्त उत्तर चुकीचं असतं. कर्व्हबरोबर तिन्ही लाटांचे मूळ व्होल्टेज, ब्रिजचा व्होल्टेज, गेन, सॅम्पलचं मोजलेलं माप, स्ट्रायकरचा वेग आणि दोन बाजूंच्या फोर्सचा ग्राफ एकाच फोल्डरमध्ये ठेवा. फोर्सचा ग्राफ नसलेला डेटा कोणी दिला तर मागून घ्या, आणि तो मिळत नसेल तर तो कर्व्ह मॉडेलमध्ये टाकू नका.